म्हैसूरची जावा

जुन्या यंत्रांचा संग्रह करणाऱ्यांत दोन पंथ आढळतात. एकाला यंत्र चकाकते हवे असते. दुसऱ्याला ते कोठे, कोणी व कोणत्या परिस्थितीत घडविले हे कळावयास हवे असते. म्हैसूर शहराच्या ज्या बाजूला मेटगळ्ळीची औद्योगिक वसाहत आहे, त्याच बाजूला यादवगिरीत आयडियल जावा कंपनीचा कारखाना होता. तेथे तयार झालेल्या मोटारसायकली या दुसऱ्या पंथाच्या विशेष आवडीच्या होत.

जावा या नावाचा आग्नेय आशियातील बेटाशी काही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे एकत्र केली, एवढाच त्याचा उगम. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आपल्याकडे आयातीवर निर्बंध आले. तेव्हा रुस्तम व फारुख इराणी यांनी ही गाडी येथेच बनविण्याचा परवाना मिळविला, आणि १९६१ साली म्हैसूरला उत्पादन सुरू झाले. पुढे १९७३ च्या सुमारास जावा हे नाव मागे पडून गाडी ‘येझ्दी’ झाली. इराणमधील यझ्द या शहराचे नाव अशा रीतीने म्हैसूरच्या पेट्रोलच्या टाकीवर येऊन बसले.

संग्राहकाची खरी परीक्षा येथेच असते. आरंभीच्या गाड्यांत चेक बनावटीचे भाग असत. हळूहळू त्यांची जागा देशी भागांनी घेतली. तेव्हा एखाद्या गाडीचा कार्बुरेटर यिकोव या चेक नाममुद्रेचा असेल, तर तो मूळचा की मागाहून कोणी हौसेने बसविलेला, हे इंजिन व सांगाडा यांवरील क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. नामांतराच्या काळातील गाड्यांवर तर दोन्ही नावांच्या खुणा एकत्र सापडतात. घाईने दुरुस्ती करणारा मनुष्य ही ‘चूक’ सुधारून टाकतो आणि गाडीचा इतिहासच पुसून बसतो!

यंत्र म्हणून ही गाडी साधी आहे. २५० सी.सी.चे द्विघाती इंजिन, पेट्रोलमध्येच मिसळलेले तेल, दोन सायलेन्सर. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरविला की त्याचीच किक होते. किल्ली म्हणजे खिळ्यासारखी एक सळई. ती एका गाडीची दुसरीला सहज चालते. चोरांविषयी तिच्या रचनाकारांचे मत फारच उदार असले पाहिजे.

डागडुजीत सिलिंडर कातून मोठ्या मापाचा पिस्टन घालणे किंवा क्रँकचे बेअरिंग बदलणे हे काम जाणत्या मिस्त्रीला अवघड नाही. रंग आणि क्रोम यांच्या बाबतीत मात्र हात आवरावा लागतो. टाकीच्या कडेच्या बारीक रेषा एकदा खरवडल्या की नव्या रेषा कितीही सफाईदार असोत, त्या जुन्या होत नाहीत.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न उरलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. मात्र ते मूळ स्वरूपात जपलेले असावे व त्यात भरीव फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि दैनंदिन वापरास मनाई. पहिल्या येझ्दी गाड्या आता या वयोमर्यादेत येऊ लागल्या आहेत. ज्यांनी त्यांची इंजिने बदलली, सांगाडे कापले, त्यांना आता त्याची किंमत कळेल.

ऐंशीच्या दशकात कमी पेट्रोल पिणाऱ्या चतुर्घाती जपानी बनावटीच्या गाड्या आल्या, मागून धुराविषयीचे नियम कडक झाले, आणि १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्यानंतर सुटे भाग जुन्या दुकानदारांच्या शिलकेतून व मोडीत निघालेल्या गाड्यांतून शोधावे लागतात. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावाप्रेमी आपापल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. त्या मेळाव्यात गाडी पाहण्याआधी जाणकार खाली वाकून प्रथम सांगाड्यावरचा क्रमांक वाचतात.