कर्णाची गोष्ट कोण सांगते?

कर्ण दुर्दैवी होता की दुष्ट, दानशूर होता की अहंकारी, हा वाद मराठी वाचकांत कित्येक दशके चालू आहे आणि त्यातला प्रत्येक पक्ष आपल्या बाजूचे प्रसंग धडाधड मांडू शकतो. पण तो प्रसंग कोणी सांगितला, कोणाला सांगितला आणि सांगणाऱ्याला त्या वेळी काय ठाऊक होते, हे मात्र त्या वादात क्वचितच विचारले जाते. साहित्यातील व्यक्तिरेखा वाचकाला परस्पर भेटत नाही. तिच्या आणि वाचकाच्या मध्ये कोणी तरी सांगणारा असतो, त्याला समीक्षेत निवेदक म्हणतात, आणि निवेदक म्हणजे लेखकच अशी समजूत करून घेतली की अभिजात ग्रंथातील माणसांविषयीचे निवाडे चुकू लागतात. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली, तेव्हा वाचकांसमोर ‘मी’ म्हणून बोलत होती ती यमू, आणि तिचा तो आवाज घडवणारा लेखक होता पंचविशी नुकतीच ओलांडलेला एक पुरुष. सांगणारा स्वतः कथेतील पात्र असतो तेव्हा त्या पद्धतीला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतात. अशा निवेदकाचे सांगणे पुरते भरवशाचे नसेल, म्हणजे स्वार्थामुळे, प्रेमामुळे किंवा अज्ञानामुळे त्याला दिसते त्यापेक्षा वेगळे काही वाचकाला दिसत असेल, तर त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणावे, असे अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली सुचवले. ही संज्ञा नवी असली, तरी ती ज्या अनुभवाला नाव देते तो फार जुना आहे.

महाभारताइतकी निवेदकांची गुंतागुंतीची मांडणी जगाच्या साहित्यात फार थोड्या ठिकाणी सापडेल. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती शौनकादी ऋषींना जी कथा सांगतो, ती त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाच्या तोंडून ऐकलेली असते. वैशंपायन हा व्यासांचा शिष्य, आणि ज्यांची ही रचना ते व्यास स्वतःच कथेतील एक पात्र, धृतराष्ट्र आणि पांडू यांचे जन्मदाते. युद्ध सुरू होताच वैशंपायनाच्या निवेदनाच्या पोटात संजयाचे निवेदन सुरू होते आणि ऐकणाराही बदलतो. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू, जिंकलेल्या घराण्याचा वारस. धृतराष्ट्र हा हरणाऱ्या मुलांचा बाप. एकच युद्ध एकाच वेळी या दोन श्रोत्यांसाठी सांगितले जात आहे, आणि महाभारताच्या निष्पक्षपातीपणाचे जे कौतुक होते त्याचे बरेचसे श्रेय व्यासांच्या स्वभावापेक्षा या रचनेला द्यावे लागेल. विजेत्याच्या वंशजाला पूर्वजांची कीर्ती ऐकायची असते, पण त्याच्यापर्यंत पोचणारे शब्द मुळात एका पराभूत, आंधळ्या बापासमोर उच्चारलेले असतात, त्यामुळे प्रत्येक विजयाच्या वर्णनात कोणाचे तरी मरण ऐकणारा माणूस हजर राहतो.

संजयाच्या सांगण्याचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. भीष्म पडले ही वार्ता तो आधी सांगतो आणि दहा दिवसांचे युद्ध मागाहून; द्रोणपर्वात आणि कर्णपर्वातही शेवट आधी येतो. कर्णाचा मृत्यू कळल्यानंतर धृतराष्ट्र विलाप करतो, आणि त्यानंतरच कर्णाच्या सेनापतिपदाचे दोन दिवस तपशिलाने ऐकतो. म्हणजे त्या पर्वातील कर्णाची प्रत्येक बढाई आणि प्रत्येक पराक्रम मेलेल्या माणसाचा म्हणून ऐकला जातो. कर्णाविषयी वाचकाला वाटणारी हळहळ केवळ त्याच्या जन्मकथेतून आलेली नाही. निवेदनाच्या या उलट्या क्रमानेही ती मनात रुजवली आहे.

उद्योगपर्वातील कृष्ण-कर्ण संवाद याहून विलक्षण आहे. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि तो कुंतीचा थोरला मुलगा असल्याचे सांगतो. कर्ण राधा आणि अधिरथ यांचे ऋण सोडायला नकार देतो, हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस अशी विनंती करतो, आणि दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना जी कठोर वचने बोललो त्यांचा आता पश्चात्ताप होतो, अशी कबुलीही देतो. कर्णाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत मोठा आधार. पण हा संवाद वाचकाला सांगतो कोण? धृतराष्ट्र विचारतो आणि संजय त्याला सांगतो. जे गुपित युधिष्ठिरापासून राखायचे ते दुर्योधनाच्या बापाच्या कानावर गेले, आणि तरीही युद्धापूर्वी त्याने त्याचा काहीच उपयोग केला नाही. ही रचनेतील सैल गाठ मानायची की धृतराष्ट्राच्या व्यक्तिरेखेवरचा एक जबर आरोप मानायचा, हे ठरवणे कठीण आहे. दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण ऐकून न ऐकल्यासारखे करणे हाच या राजाचा आयुष्यभराचा स्वभाव दाखवलेला आहे.

शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ साली ही सारी मांडणी बाजूला ठेवली आणि कर्णालाच ‘मी’ म्हणायला लावले. त्याच्याबरोबर कुंती, दुर्योधन, धाकटा भाऊ शोण, पत्नी वृषाली आणि अखेरीस कृष्ण असे सहा निवेदक या कादंबरीत बोलतात. वरवर पाहता ही अनेक बाजूंची साक्ष वाटते. परंतु त्या सहांत द्रौपदी नाही, भीम नाही, अर्जुन नाही. जे बोलतात ते बहुतेक कर्णावर जीव टाकणारे किंवा त्याच्याविषयीच्या अपराधभावाने स्वतः पोळलेले आहेत. त्यामुळे ‘मृत्युंजय’ वाचून कर्णावर प्रेम करणे स्वाभाविक असले, तरी कर्णाचा न्याय त्या कादंबरीच्या आधारे करणे म्हणजे आरोपीच्या घरच्यांची जबानी हाच निकाल समजण्यासारखे होईल. यात सावंतांचा दोष नाही, कारण कादंबरीकार न्यायाधीशाच्या आसनावर बसत नाही. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाती’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, आणि तिथे निवेदक परस्परांच्या विरुद्ध उभे असल्यामुळे वाचकाला प्रत्येकाचे शब्द पारखून घेण्याची सवय लागते, या एका बाबतीत ‘ययाती’ची रचना अधिक सावध आहे.

भोपाळच्या साकेत नगरात किंवा भेलच्या परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकाला या प्रश्नाकडे जाण्याच्या आणखी दोन वाटा जवळच्या आहेत, कारण त्याच्या घरात मराठी आणि शाळेत, बाजारात हिंदी असते. मैथिलीशरण गुप्त यांच्या ‘साकेत’ या महाकाव्याने १९३१ साली रामकथेचा केंद्रबिंदू हलवून लक्ष्मणाच्या पत्नीला, ऊर्मिलेला, बोलते केले. ती उपेक्षित राहिली ही खंत रवींद्रनाथ ठाकूर आणि महावीरप्रसाद द्विवेदी यांनी आधीच मांडली होती. दुसरी वाट पंडवानीची. छत्तीसगढ २००० सालापर्यंत मध्य प्रदेशातच होते, आणि तिथल्या या गायनप्रकारात, विशेषतः तीजनबाईंच्या कापालिक शैलीत, एकच कलावंत उभ्याने सारे महाभारत सांगतो, हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, आणि शेजारी बसलेला रागी मधून मधून हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो. समीक्षेने ज्याला निवेदनाचा श्रोता म्हटले तो इथे रंगमंचावर प्रत्यक्ष बसलेला आहे. धृतराष्ट्र संजयाला वारंवार ‘पुढे काय झाले’ म्हणून अडवतो, ते वाचण्यापेक्षा रागीकडे पाहून लवकर समजते.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये घेतलेली भूमिका या सर्वांहून निराळी आहे. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असल्याने त्यांनी कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांना नात्यांच्या, वारशाच्या आणि क्षत्रिय समाजाच्या चौकटीत उभे केले, आणि १९६७ साली, म्हणजे ‘मृत्युंजय’ निघाले त्याच वर्षी, मराठी वाचकाच्या हाती कर्णाची दुसरी, बरीच कठोर मूर्ती दिली. आपण कोण आहोत या एका प्रश्नाने ग्रासलेला आणि त्यापायी पुष्कळदा तोल गेलेला माणूस त्यांना दिसतो. घोषयात्रेत गंधर्वांपुढे कर्ण दुर्योधनाला मागे सोडून पळाला, यासारखे सहसा विसरले जाणारे प्रसंग अशा वाचनात पुन्हा पुढे येतात.

कर्वे यांच्यापुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती होती. १९१९ साली सुरू झालेले हे काम, वि. स. सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीने शेकडो हस्तलिखिते ताडून, १९६६ साली पुरे झाले. स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलतो आणि ‘सूताला वरणार नाही’ असे द्रौपदी भरसभेत सांगते, हा सर्वतोमुखी असलेला प्रसंग या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. संपादकांनी तो मागाहून शिरलेला ठरवला. द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे काढून घेण्याची आज्ञा कर्णाने दिल्याचा श्लोक मात्र तिथे कायम आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की अपमानाचा सूड हे कर्णाच्या बाजूचे नेहमीचे स्पष्टीकरण निखळून पडते. मग उरतो तो उद्योगपर्वातील त्याचा स्वतःचा जबाब, की हे दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून बोललो, आणि तोही संजयाच्या तोंडून ऐकलेला.