मोठ्या स्वयंपाकघरातील उमेदवारी



बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटकडे वळणारी मुले-मुली आता आपल्या समाजातही दिसू लागली आहेत. आपल्या मध्यप्रदेशात ग्वाल्हेर आणि भोपाळ येथे या विषयाच्या केंद्रीय संस्था आहेत. या अभ्यासक्रमात काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काम करावे लागते, आणि नेमके इथेच पालकांचे मन कचरते. "एवढे शिकवून मुलाला कांदे सोलायला पाठवायचे का?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. म्हणून ही उमेदवारी कशी असते, ते समजून घेऊ.

मोठ्या स्वयंपाकघरात एकच आचारी सगळे करीत नाही. फ्रान्सचे ऑगस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) यांनी काही काळ सैन्यात आचारी म्हणून काम केले होते. पुढे त्यांनी हॉटेलच्या स्वयंपाकघरालाही सैन्यासारखी शिस्त लावली. वर मुख्य शेफ, मग सू-शेफ, त्यानंतर एकेका विभागाचे प्रमुख आणि त्यांच्या हाताखाली कॉमी, अशी ही उतरंड आहे. आपल्याकडे तंदूर, करी, बेकरी, थंड पदार्थ असे विभाग असतात. शिकाऊ विद्यार्थी सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहतो.

त्याच्या वाट्याला पहिल्यांदा कांदा-बटाटाच येतो, हे खरे. पण त्यामागे कारण आहे. ग्राहक येण्यापूर्वीच कांदा-टोमॅटोचा मसाला, मखनी, पांढरी ग्रेव्ही असे सर्व तयार ठेवलेले असते. म्हणूनच संध्याकाळी ऑर्डर आली की काही मिनिटांत भाजी ताटात जाते. सकाळी कांदा लहान-मोठा चिरला गेला, तर काही तुकडे करपतात, काही कच्चे राहतात आणि संध्याकाळची सगळी भाजी बिघडते.

चांगल्या शेफची पारख इथेच होते. तो "चिर" एवढेच सांगून निघून जात नाही. बोटांची टोके आत दुमडून सुरी कशी धरायची, हे तो स्वतः करून दाखवतो. बोथट सुरी घसरते, म्हणून तीच हात जास्त कापते, हे समजावतो. कच्च्या मांसाची फळी आणि सॅलडची फळी वेगळी का, शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये फार वेळ का ठेवायचे नाही, हे सांगतो. स्वच्छ चमच्यात रस्सा देऊन "काय कमी आहे?" असे विचारतो. गर्दीच्या वेळी त्याचा आवाज चढतो. पण काम आटोपल्यावर चूक कुठे झाली, हे तो शांतपणे सांगतो. हात बसला की पुढच्या विभागात पाठवतो.

सगळीकडे असे शेफ भेटत नाहीत. काही ठिकाणी शिकाऊ मुले म्हणजे फुकटचे हात समजले जातात. आपल्या एका माजी विद्यार्थ्याला सुरुवातीचे कित्येक आठवडे एकाच टेबलावर सोलण्याचेच काम होते. त्याने आपली प्रशिक्षण-वही तिथल्या सू-शेफना दाखवली. रोज तीच ओळ लिहिलेली पाहून त्यांनी त्याला करी विभागात आपल्या शेजारी उभे केले. आज तो मोठ्या हॉटेलात एक विभाग सांभाळतो. म्हणून विद्यार्थ्यांनो, वही रोज लिहा आणि विनयाने पण स्पष्ट विचारा.

पालकांनी जागा ठरवण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे: किती विभागांत काम मिळेल? कामाचे तास किती? आठवड्याची सुट्टी आहे का? रात्री उशीर झाल्यास घरी पोहोचवण्याची सोय काय? विद्यावेतन मिळेल का? मुलाकडे लक्ष कोण देणार आणि वहीवर सही कोण करणार? शेवटच्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळाले नाही, तर दुसरी जागा पाहावी. हॉटेल किती ताऱ्यांचे आहे, ही बाब त्यानंतरची.

मुलांनीही तयारी ठेवावी. नखे कापलेली, बूट बंद, वेळेच्या दहा मिनिटे आधी हजेरी. आठ-दहा तास उभे राहण्याची सवय हवी. ती सवय घरूनच लागते: सुट्टीत रोज एक वेळचा स्वयंपाक आईबरोबर उभे राहून करावा आणि ओटाही आपणच पुसावा. महिनाभर हे आनंदाने जमले, तर या वाटेचा जरूर विचार करावा. अशा विद्यार्थ्यांनी पालकांसह कार्यालयात येऊन मला भेटावे.

— प्राचार्य