चार बोटं आणि एक वीत

पहाटे साडेपाच

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या मैत्रिणीच्या या घरी मी काल रात्रीच मुक्कामाला आले. घरात स्टुडिओ उभा करायचा तर तिथे शांतता कधी असते हे आधी ठाऊक हवं, आणि दुपारी तासाभरासाठी येऊन ते कळत नाही. बाल्कनीत बसले, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे वेळ, उजवीकडे आवाज. ५.४० कोकीळ. ५.५५ दुधाचे क्रेट रस्त्यावर आपटले. ६.१० खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर, बावीस मिनिटं. ६.५० कचऱ्याची ऑटो आणि तिच्या भोंग्यावरचं कानडी गाणं. सातपासून कुकर.

गेले दोन दिवस मैत्रिणीनेही अशीच वही ठेवली होती. दोन्ही वह्या जुळवल्या तर दुपारी दोन ते साडेतीन आणि रात्री साडेनऊनंतर अशा दोनच फटी निघाल्या. या वहीला एक पैसाही लागला नाही. घरच्या स्टुडिओतलं सगळ्यात उपयोगी साधन मी तिलाच मानते.

आठ

नाश्त्याला मैत्रिणीच्या आज्जी समोर बसल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. माहेर-सासर दोन्ही चिकपेटेतलं, भावसारांचं, कपड्याच्या धंद्यातलं. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, इतकी जुनी मराठीची या शहराशी ओळख. आज्जींच्या बोलण्यात ती मराठी कानडीशी मिसळून गेलेली आहे. नाचणीला त्या रागी म्हणतात, पुरे झालं की ‘साकु’. लहानपणी आईसोबत जात्यावर रागी दळताना ज्या ओव्या म्हटल्या, त्या त्यांना अजून आठवतात. नातीला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, त्या जपायच्या आहेत, आणि नंतर त्याच खोलीत स्वतः गोष्टी वाचून रेकॉर्ड करायच्या आहेत. बजेट वीस हजार.

मी नातीला पहिलंच सांगितलं की सामान येण्याची वाट पाहत बसायला नको होतं. महिन्यापूर्वीच फोनवर टिपायला सुरुवात करायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी १९८० च्या दशकात पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्रातल्या खेड्यांमधल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या वाचता येतात. पण बहुतेक ओव्या कागदावर उतरल्या, आवाज त्यातल्या थोड्यांचाच उरला. ज्या ओव्यांचा आवाज आहे त्या ऐकताना उरलेल्यांचं काय गेलं ते कळतं. दळणारीचा श्वास कुठे तुटायचा, शब्द कुठे लांबायचा, हे शाईत येत नाही.

नऊ

खोली दहा बाय दहा. मधोमध उभी राहून टाळी वाजवली. टाळीमागून एक बारीक झणझण आली, पत्र्याच्या डब्यात खडा हलवावा तशी. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे खातो, त्याची ही खूण.

चौकोनी खोलीचं आणखी एक दुखणं असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या जरा वर, म्हणून दोन भिंतींच्या मध्ये ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, त्याच्या दुपटीचा, ११२ हर्ट्झचाही. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांचं घुमणं एकावर एक चढतं. पुरुषाचा आवाज अशा खोलीत घागरीतून आल्यासारखा होतो. आज्जींचा आवाज त्याहून वरचा, म्हणून ही अडचण बरीचशी टळते. तरी बसायची जागा खोलीच्या मधोमध धरली नाही. एका भिंतीपासून एक तृतीयांशावर धरली. तोंड कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे, कारण लटकलेल्या साड्या आवाज गिळतात.

नातीने भिंतीला चिकटवायला अर्ध्या इंचाचा स्पंज पाहून ठेवला होता. मी नको म्हटलं. पातळ स्पंज फक्त वरचे, चिरके सूर शोषतो. खालचं घुमणं तसंच राहतं आणि खोली कानाला कोंदट वाटू लागते. अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी. आणि हे काही लावल्याने बाहेरचा हॉर्न आत यायचा थांबत नाही. शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. अडवायला जाड भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं, ते वीस हजारांत होत नाही. त्यासाठीच तर पहाटेची वही.

साडेदहा

राजाजीनगर स्टेशनवरून मेट्रोच्या ग्रीन लाइनने चिकपेट. वाटेत नातीला कानडी अभिनेते-दिग्दर्शक शंकर नागांबद्दल सांगत होते. त्यांचं ‘मालगुडी डेज’ सगळ्यांना माहीत असतं. पण मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेला आणि ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात हात असलेला हा माणूस बंगळुरात ‘संकेत’ नावाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारतो, याचं मोल मला फार वाटतं. त्याआधी कानडी चित्रपटांना ध्वनीच्या कामासाठी मद्रासची वाट धरावी लागायची. १९९० मध्ये ते गेले तेव्हा छत्तीस वर्षांचेही नव्हते. आवाज टिपण्याची सोय माणसाच्या जवळ आणली पाहिजे, हे त्यांना कळलेलं होतं. आज ती आज्जींच्या खोलीपर्यंत येते आहे.

अकरा

एसपी रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड. संगणकाचा सुटा भाग असो की तांब्याची तार, इथल्या बोळांत मिळते. इंटरफेस, माइक, हेडफोन आधीच मागवले होते. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपला समजेल अशा आकड्यांत बदलणारी डबी. ती साडेपाच हजारांची, माइक एकोणीसशेचा, कान पूर्ण झाकणारे हेडफोन तीन हजार दोनशेचे. आज घ्यायची होती माइकसाठी तीन मीटरची एक्सएलआर केबल, अर्थिंगची पिन असलेला बोर्ड, पडद्याच्या सळया आणि आकडे.

केबलवर कंजुषी करू नये. या केबलमध्ये दोन तारा आणि त्यांच्याभोवती जाळी असते. एकाच आवाजाच्या उलट्या-सुलट्या प्रती दोन तारांतून जातात. वाटेत विजेची जी घरघर शिरते ती मात्र दोन्हींत सारखीच शिरते, म्हणून पलीकडे वजाबाकी केली की घरघर जाते आणि आवाज राहतो. दुकानदारांनी टोकाची पिन उघडून आतलं डाग दिलेलं काम दाखवलं. असं उघडून दाखवणाऱ्याकडूनच घ्यावी.

माइक आम्ही डायनॅमिक घेतला. नवख्यांना कंडेन्सरचं आकर्षण असतं. त्याला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो बारकावे सुंदर टिपतो, पण त्या बारकाव्यांत शेजारचा मिक्सर आणि गल्लीतली स्कूटरही येते. भिंती उघड्या आणि रस्ता जवळ असलेल्या घरात मी तरी डायनॅमिकच सांगेन.

दीड

सारू-भात. आज्जींनी वाढलं, आग्रह केला, परत वाढलं.

दोन

शांततेची पहिली फट. ट्रंकेतून आज्जींच्या पाच गोधड्या काढल्या, जुन्या साड्यांचे थर शिवलेल्या. नात त्यांना कौदी म्हणते. भिंतीपासून चार इंच पुढे सळया बसवल्या आणि बसायच्या जागेच्या मागे व दोन्ही बाजूंना गोधड्या सोडल्या. गोधडी भिंतीला टेकवू नये. भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, जरा पुढे हलतात, आणि हलणाऱ्या हवेलाच कापड अडवतं. खाली सतरंजी दुहेरी घातली. परत टाळी वाजवली. झणझण गेली होती.

एका गोधडीत आज्जींच्या आईचं लुगडं होतं. ते तोंडासमोर येईल असं लावा म्हणाल्या. ध्वनीच्या दृष्टीने ती जागा रिकामी चालली असती. लावलं.

चार

सगळं जोडलं, हेडफोन लावले, आणि एकसारखं ‘हूंऽऽ’ ऐकू आलं. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर. एकेक गोष्ट काढत गेले. ट्यूबलाइट बंद केली, फरक नाही. पंख्याच्या रेग्युलेटरने थोडा फरक. लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि घरघर नाहीशी झाली. म्हणजे रेकॉर्डिंग बॅटरीवरच. पंखा बंद ठेवणं इथे जड जात नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं गाव, संध्याकाळी बंद खोलीतही तासभर बसवतं.

लॅपटॉपमध्ये रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. साठ दिवस वापरून बघता येतं, मग साठ डॉलरचा परवाना घ्यावा. तेवढेही नसतील तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच ट्रॅक. तासाला सव्वापाचशे एमबीच्या आत जागा लागते. आवाजाचा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास नाचेल असा गेन, म्हणजे इंटरफेसवरची आवाजवाढ, लावला. लाल दिव्यापर्यंत ओढायची गरज २४ बिटमध्ये राहत नाही, आणि आवाज एकदा फाटला की तो शिवता येत नाही.

साडेसहा

पाऊस आला, पत्र्यावर ताशा वाजला, वीज गेली आणि आली. या वेळेला काही करायचं नसतं.

साडेनऊ

मोटर संध्याकाळीच चालवून घेतली होती. फ्रिज बंद केला आणि आत माझ्या स्कूटरची किल्ली ठेवली, म्हणजे फ्रिज चालू केल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही. आज्जी खुर्चीवर बसल्या. तोंडापासून माइक चार बोटांवर, जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा वारा थेट आत जात नाही. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचं घुमणं होतं तेवढंच राहतं. चार बोटांच्या अंतराने महागड्या भिंतींचं काम होतं. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचं गाणं टिपलं तेव्हाही अंतराचंच भान होतं. कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं आणि त्या हवेच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ कोरायची.

आज्जींनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबल्या.

“येत नाही गं. हात नुसता कसा ठेवू?”

बरोबर होतं. ही ओवी बसून म्हणायची नव्हतीच, ती दळताना म्हणायची. खुर्ची काढली. त्या सतरंजीवर एक पाय पसरून बसल्या, पुढे पाट ठेवला, पाटावर जाडसर टॉवेलची घडी. तिच्यावरून त्यांचा हात गोल फिरू लागला आणि ओवी आली, एकामागून एक. पण आता अंग पुढे-मागे झुलत होतं. माइकजवळ आल्या की आवाज जाड आणि मोठा, मागे गेल्या की पातळ. हेडफोनमध्ये लाट यावी तसं. स्थिर बसा असं मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. माइक वर, एक वीतभर दूर नेला, त्यांच्या कपाळाच्या रेषेत, खाली ओठांकडे वळवून. चार बोटांच्या अंतरावर दोन इंचांची हालचाल काट्याला हादरे देते, वितीवर ती फारशी कळत नाही. गेन वाढवावा लागला, थोडी खोली ऐकू येऊ लागली, म्हणून पाचवी गोधडी आज्जींच्या डोक्यावर मांडवासारखी बांधली.

मग काचेच्या बांगड्यांचा प्रश्न आला. त्या फेऱ्याफेऱ्याला किणकिणत होत्या. नात काढायला सांगणार होती, मी तिचा हात धरला. जात्यावरही त्या वाजतच असणार.

पावणेअकराला आज्जी म्हणाल्या, “साकु आता.”

मी म्हटलं, “आज्जी, एकच राहिलं. नाव सांगा.” गौहर जान गाणं संपवून आपलं नाव मोठ्याने पुकारायच्या. तबकड्या दूर जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या लोकांना गाणारी कोण ते कळावं म्हणून. पुढे त्या म्हैसूरला आल्या आणि १९३० मध्ये तिथेच वारल्या. पण ते नाव अजून ऐकू येतं. आज्जींनी आपलं नाव सांगितलं. मग आईचं, मग तिच्या आईचं, मग चिकपेटेतल्या त्या बोळाचं जिथे जातं होतं.

त्यानंतर तीस सेकंद कोणी बोललं नाही. रिकाम्या खोलीचा आवाज नंतर कापाकापीत जोडायला लागतो, तो टिपत होतो. आज्जींचा हात टॉवेलवर हळूहळू फिरतच होता.

फाइल तीन ठिकाणी ठेवली, लॅपटॉपवर, हार्ड डिस्कवर आणि नातीच्या पेन ड्राइव्हवर. फ्रिज चालू केला आणि गार झालेली किल्ली घेऊन खाली उतरले.