तिघांत एकच संगणक

शाळेतली स्पर्धा म्हटली, की आपल्याला वक्तृत्व आठवते, निबंध आठवतो, कबड्डी, खो-खो आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलेली फिरती ढाल आठवते. जगातल्या अनेक देशांत या यादीत आता आणखी एका स्पर्धेची भर पडली आहे. ती म्हणजे शालेय संघांची प्रोग्रॅमिंगची, संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याची स्पर्धा. "हे शहरातल्या, इंग्रजी शाळांतल्या मुलांचे काम," असे म्हणून आपल्याकडचे बरेच पालक हा विषय बाजूला सारतात. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण या स्पर्धेचे नियम समजून घेतल्यावर मला वाटले, की हा खेळ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मराठी शाळांनाही खेळता येण्यासारखा आहे. कसा, ते सांगतो.

नियम साधे, खेळ अवघड

या खेळाचे मूळ महाविद्यालयांत आहे. १९७० साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका विद्यापीठात अशी स्पर्धा झाली आणि १९७७ पासून तिच्या अंतिम फेऱ्या भरू लागल्या. आज ती 'आयसीपीसी' या नावाने ओळखली जाते. आपल्या देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही तिच्यात उतरतात. तिच्याच धर्तीवर पुढे शाळकरी मुलांच्या स्पर्धा निघाल्या. रशियात सेंट पीटर्सबर्गला शालेय संघांची देशव्यापी स्पर्धा २००० सालापासून भरते.

नियम असे. संघ तिघांचा. वेळ पाच तास. प्रश्न साधारण आठ ते बारा. आणि संगणक? तिघांत मिळून एकच! कागद-पेन्सिल मात्र हवी तेवढी. हा नियम पैशांच्या चणचणीतून आलेला नाही, तो मुद्दाम केलेला आहे. एकजण टाइप करत असताना उरलेल्या दोघांनी काय करायचे? विचार करायचा, कागदावर मांडायचा आणि एकमेकांना समजावून सांगायचा. सगळी खुबी इथेच आहे.

उत्तर तपासतो तोही संगणकच. त्याच्याकडे आधीच तयार केलेली गुप्त उदाहरणे असतात. मुलांचा प्रोग्रॅम त्या सगळ्या उदाहरणांवर बरोबर आणि ठरलेल्या वेळात चालला, तरच प्रश्न सुटला. नाही तर 'उत्तर चूक' किंवा 'वेळ संपली' एवढाच निरोप येतो. कुठे चुकले ते सांगत नाहीत. सुवाच्य अक्षराला गुण नाहीत आणि अर्ध्या उत्तराला अर्धे गुणही नाहीत. ज्याचे प्रश्न जास्त सुटले तो संघ वर. प्रश्न सारखे सुटले असतील, तर ज्याला वेळ कमी लागला तो वर. शेवटी सुटलेल्या प्रश्नासाठी आधी केलेल्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नामागे वीस मिनिटांचा दंड बसतो. प्रश्न सुटला, की संघाच्या टेबलाला एक रंगीत फुगा बांधतात. प्रत्येक प्रश्नाचा रंग वेगळा. त्यामुळे कोणी किती मजल मारली, हे सगळ्या सभागृहाला दिसत राहते.

उसाच्या गाड्यांचे गणित

प्रश्न कसे असतात? आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. साखर कारखान्याच्या आवारात उसाची तीन वाहने उभी आहेत. ट्रक रिकामा करायला तीस मिनिटे लागतात, ट्रॅक्टरला वीस आणि बैलगाडीला दहा. जागा एकच. तिघांचा मिळून खोळंबा कमीत कमी व्हावा, तर कोणाला आधी घ्यावे?

ट्रक, मग बैलगाडी, मग ट्रॅक्टर असा क्रम लावला, तर बैलगाडी तीस मिनिटे थांबते आणि ट्रॅक्टर चाळीस. एकूण सत्तर. आता बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक असा क्रम लावू. ट्रॅक्टर दहा मिनिटे थांबतो, ट्रक तीस. एकूण चाळीस. म्हणजे ज्याचे काम लवकर उरकते त्याला आधी घ्यावे. तीन वाहनांचे हे आपण तोंडी करतो. एक लाख वाहने असतील, तर हीच रीत संगणकाला सांगावी लागते. प्रोग्रॅम म्हणजे दुसरे काय? सापडलेली रीत यंत्राला कळेल अशा काटेकोर शब्दांत लिहिणे. आणि मुलांनी पुढे असेही विचारावे, की जो पहाटेपासून रांगेत उभा आहे, त्या ट्रकवाल्यावर हा अन्याय नाही का? स्पर्धेत त्याला गुण नाहीत. पण असा प्रश्न पडणारे मूल उद्या चांगले काम करील.

मात्रांचा प्रश्न आणि तिघांची कामे

दुसरे उदाहरण माझ्या प्रांतातले. कवितेत लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, हे आपण शाळेत शिकलो. आता प्रश्न असा, की लघू आणि गुरू वापरून चाळीस मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल?

समजा, हा प्रश्न तिघांच्या संघापुढे आला. पहिला मुलगा लगेच संगणकाशी बसतो. एकेक रचना तयार करून मोजायची, असा प्रोग्रॅम लिहितो. आठ मात्रांसाठी तो चौतीस हे उत्तर देतो आणि ते बरोबर असते. पण चाळीस मात्रांच्या रचना भरतात साडेसोळा कोटींहून अधिक. एकेक रचना मोजता मोजता 'वेळ संपली' असा निरोप येतो.

दुसरी मुलगी तोवर कागदावर आकडे मांडत असते. एक मात्रा असेल तर प्रकार एक. दोन मात्रांचे दोन, तीनचे तीन, चारचे पाच, पाचचे आठ. तिच्या लक्षात येते, की प्रत्येक आकडा त्याच्या आधीच्या दोन आकड्यांची बेरीज आहे. पण नेहमीच असे होईल कशावरून? हे विचारणे तिसरीचे काम. मग दोघी मिळून कारण शोधतात. ओळीचे शेवटचे अक्षर एक तर लघू असणार, नाही तर गुरू. लघू असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेली ओळ. गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून दोन्हींची बेरीज. आता चाळीस मात्रांसाठी फक्त अडतीस बेरजा पुरतात. संगणक त्या डोळ्याचे पाते लवायच्या आत करतो.

पण तेवढ्याने झाले नाही. गुप्त उदाहरणांत मात्रा सेहेचाळीस असतील, तर उत्तर जाते २९७ कोटींवर. प्रोग्रॅममध्ये आकडा ठेवायचे जे नेहमीचे खोके असते, त्यात सुमारे २१४ कोटींपर्यंतचाच आकडा मावतो. त्याहून मोठा घातला, की आत भलतेच काही तयार होते. हे ज्याला वेळीच सुचते, त्याचा संघ वीस मिनिटांच्या दंडातून वाचतो. एकाने लिहावे, एकाने रीत शोधावी, एकाने शंका काढावी. तिघांनी तिन्ही कामे आलटून पालटून करावीत, हे उत्तम.

ही आकड्यांची माळ जगात फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. पण छंदांच्या मात्रा मोजताना आपल्याकडच्या छंदशास्त्रकारांना ती त्याआधीच सापडली होती. जैन आचार्य हेमचंद्रांनी ती बाराव्या शतकात सांगितली. कवितेची वही आणि संगणक यांचे नाते असे जुने आहे.

भाषेची अडचण

आता खऱ्या अडचणीकडे वळू. ती संगणकांच्या संख्येची जेवढी आहे, त्याहून अधिक भाषेची आहे. आपल्या देशातल्या बहुतेक स्पर्धांचे प्रश्न इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातला मुलगा प्रश्नाच्या पहिल्या परिच्छेदातच दमतो. गणित त्याला हरवत नाही, भाषा हरवते.

हे असेच असले पाहिजे का? शाळकरी मुलांचे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड १९८९ साली बल्गेरियात सुरू झाले. प्रत्येक देशाचे चार विद्यार्थी त्यात जातात, मात्र प्रत्येकजण आपापले प्रश्न एकट्याने सोडवतो. तिथे स्पर्धेच्या आदल्या रात्री निरनिराळ्या देशांचे मार्गदर्शक जागून प्रश्नांचे भाषांतर करतात. दुसऱ्या दिवशी थायलंडच्या मुलाला थाई भाषेत आणि इराणच्या मुलाला फारसीत प्रश्न वाचता येतो. मुलाची बुद्धी पाहायची असेल, तर तिच्या वाटेत भाषा आडवी येऊ नये, हा त्यामागचा विचार.

भारत या ऑलिम्पियाडमध्ये २००२ पासून उतरतो. त्यासाठीच्या 'इंडियन कम्प्युटिंग ऑलिम्पियाड'ची सुरुवातीची लेखी फेरी अनेक वर्षे निव्वळ कागदावर झाली. तिच्यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो, रीत शोधून उत्तराचा आकडा काढायचा असतो. याच वाटेने मुंबईची मालविका जोशी पुढे गेली. सातवीत शाळा सोडून ती घरी शिकत होती. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र तिच्याकडे नव्हते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने तीन पदके मिळवली, दोन रौप्य आणि एक कांस्य. २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने तिला प्रवेश दिला.

मराठीतून सुरुवात करायची असेल, तर 'बेब्रास' ही एक वाट आहे. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली ही स्पर्धा आता अनेक देशांत होते. तिच्यात चित्रांची, तर्काची कोडी असतात, प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. भारतात 'सीएस पाठशाला' हा उपक्रम ती घेतो आणि तिचे प्रश्न मराठीतही मिळतात. संस्कृतातले ज्ञान ज्ञानेश्वरांनी १२९० साली मराठीत आणले, ते याच जिल्ह्यातल्या नेवाशात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही अध्यात्माचा गहन विषय मराठीतच सांगितला. त्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना दहा कोडी मराठीत मांडणे जड जाऊ नये.

यंत्रच प्रोग्रॅम लिहिते, मग?

काही पालक विचारतात, की आता कृत्रिम बुद्धिमत्ताच प्रोग्रॅम लिहिते, मग पोरांनी कशाला शिणायचे? प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बाकू शहरात आयसीपीसीची अंतिम फेरी झाली. तिथले बाराही प्रश्न अशा एका प्रणालीने सोडवले. माणसांच्या सर्वांत पुढच्या संघाचे अकरा सुटले. पण मोटारी आल्या म्हणून आपण शाळेतल्या धावण्याच्या शर्यती बंद केल्या नाहीत. यंत्राला नेमके काय विचारायचे आणि त्याने दिलेले उत्तर खरे कशावरून, हे उद्याच्या माणसाला कळावे लागेल. "नेहमीच तसे होईल कशावरून?" असे विचारणारी ती तिसरी मुलगी म्हणूनच अधिक मोलाची आहे.

एक सावधगिरीही हवी. लहान मुलांना कोडिंग शिकवून कोट्यधीश करण्याच्या जाहिराती २०२० साली करोनाच्या काळात घरोघर दिसल्या. त्यांना भुलू नये. ही स्पर्धा नोकरीची हमी नाही. ती विचारांची तालीम आहे.

आपल्या शाळेत कसे करता येईल?

यासाठी फार काही लागत नाही. चालू स्थितीतले दोन-तीन संगणक असले, तरी दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन-तीन संघांना बसवता येते. प्रोग्रॅमिंगची साधने फुकट मिळतात आणि एकदा घेऊन ठेवली, की इंटरनेट नसतानाही चालतात. वेळ पाच नव्हे, दोन तास ठेवावा. प्रश्न चार पुरेत, आणि ते मराठीत असावेत. कांद्याच्या लिलावाचे, एसटीच्या वेळापत्रकाचे, पाटपाण्याच्या पाळीचे. पहिला अर्धा तास संगणकाला हात लावायचा नाही, फक्त कागद. सगळेच शिक्षकांना यायला हवे असेही नाही. "मला समजावून सांग," एवढे म्हणता आले तरी पुष्कळ. अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेऊन 'सी प्लस प्लस' शिकलेली मुले तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत अनेक वर्षांपासून आहेत. त्यांना मदतीला बोलवावे.

आणि एक नियम मी आग्रहाने सांगेन. कळफलक दर अर्ध्या तासाने हातोहात फिरला पाहिजे. नाही तर मुलगा टाइप करतो आणि मुलगी वही सांभाळते, असेच होत राहते.

ज्या शाळेत तिघांत एक संगणक आहे, ती शाळा आजवर मागासलेली समजली गेली. शाळांना अधिक संगणक, नेट आणि न जाणारी वीज मिळालीच पाहिजे, ती मागणी सोडायची नाही. पण तोवर खोलीला कुलूप लावून बसण्याचे कारण नाही. येत्या शनिवारी ते कुलूप काढावे आणि तिघांना एका बाकावर बसवून पहिला प्रश्न द्यावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)