यंगदो
दक्षिण कोरियातील बूसान (पुसान) महानगराचा एक सागरी प्रशासकीय विभाग (गू). क्षेत्रफळ सु. १४ चौ. किमी.; लोकसंख्या सु. १.१ लक्ष (२०२२). कोरिया द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाशी, सु. ३५° उ. अक्षांश व १२९° पू. रेखांशावर बूसान बंदराच्या मुखाशी असलेले यंगदो बेट म्हणजेच हा विभाग होय. १९५७ मध्ये त्यास विभागाचा दर्जा मिळाला. त्याचे ११ उपविभाग (दोंग) आहेत.

बेटाच्या मध्यभागी बोंगनेसान हा डोंगर (३९५ मी.) असून त्याचे उतार सर्व बाजूंनी समुद्राकडे उतरत जातात. सपाट जमीन किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात व भर घालून मिळविलेल्या भागात आढळते. त्यामुळे वस्ती डोंगरउतारांवर दाटीने चढत गेलेली दिसते. दक्षिणेकडील थेजोंगदे येथे क्रिटेशस कालीन गाळाच्या खडकांचे उंच कडे व लाटांनी कोरलेले मंच आहेत. १९०६ पासून तेथे दीपगृह आहे. निरभ्र दिवशी येथून जपानचे त्सुशिमा बेट दिसते. हवामान सागरसान्निध्यामुळे सौम्य असते. पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडतो.

दोंगसाम भागातील नवाश्मयुगीन शिंपल्यांच्या ढिगाऱ्यात शिंपल्याचा मुखवटा व जपानच्या क्यूशू बेटावरील ज्वालाकाच सापडली असून, या समुद्रमार्गे चाललेल्या प्राचीन दळणवळणाची ती साक्ष होय. पुढे हे बेट घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध होते. येथील घोडे धावू लागले की त्यांची सावलीही मागे तुटून पडते, अशा समजुतीवरून ‘जोल्यंगदो’ (सावली तोडणारे बेट) हे नाव पडले; यंगदो हे त्याचेच संक्षिप्त रूप. १७६३-६४ मध्ये जपानला गेलेल्या शिष्टमंडळाचा प्रमुख जो ऑम याने त्सुशिमाहून पाठविलेल्या रताळ्यांची लागवड येथे प्रथम झाली, असे मानतात.

आधुनिक यंगदो जहाजबांधणीतून घडले. १८८७ मध्ये देप्योंग भागात एका जपानी व्यावसायिकाने आधुनिक पद्धतीचा जहाज कारखाना काढला. १९३७ मध्ये पोलादी जहाजांची मोठी गोदी स्थापन झाली. दुरुस्तीसाठी आलेल्या जहाजांचा गंज व त्यांच्या तळास चिकटलेले शंखशिंपले हातोड्याने ठोकून काढण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करीत. त्या ठोक्यांच्या आवाजावरूनच या वस्तीस ‘कांगकांगी’ हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जेजू बेटावरील पाणबुड्या स्त्रियाही (हेन्यो) येथे येऊन राहू लागल्या.

१९३४ मध्ये बेट मुख्य भूमीशी सु. २१५ मी. लांबीच्या पुलाने जोडले गेले. जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा एक भाग वर उचलला जाई. कोरियन युद्धकाळात (१९५०–५३) बूसान ही हंगामी राजधानी असताना ताटातूट झालेल्या निर्वासितांनी हा पूल भेटीचे ठिकाण ठरविला होता. आप्तांच्या शोधात अनेकजण तेथे दिवस काढीत. वाहतूक वाढल्याने १९६६ मध्ये पूल उचलणे बंद झाले. नव्याने बांधलेल्या पुलावर २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. बूसान पूल (१९८०), नामहांग पूल (२००८) व बूसान बंदर पूल (२०१४) यांनी बेटाचे एकाकीपण संपुष्टात आणले.

मात्र पूल वाढले तशी वस्ती वाढली नाही. १९८० च्या सुमारास येथील लोकसंख्या दोन लाखांवर होती. ती जवळजवळ निम्म्यावर आली आहे. मोठ्या जहाजांस गोदीची जागा अपुरी पडल्याने बांधणीचे काम फिलिपीन्समधील सूबिक येथे नेण्यात आले. त्यानंतरच्या कामगारकपातीविरुद्ध २०११ मध्ये किम जिन-सुक या कामगार कार्यकर्तीने क्रेनवर ३०९ दिवस ठिय्या दिला व हा प्रश्न देशभर गाजला. तरुण रोजगारासाठी इतरत्र जातात आणि उतारांवरील जुनी घरे ओस पडतात. २०२१ मध्ये शासनाने लोकसंख्या घटणाऱ्या ज्या ८९ प्रदेशांची यादी केली, त्यांत यंगदोचा समावेश आहे.

सागरविद्या हा या विभागाचा नवा आधार होय. येथील सागरी विद्यापीठ (स्थापना १९४५) लगतच्या जोदो या लहान बेटावर आहे. राष्ट्रीय सागरी संग्रहालय २०१२ मध्ये सुरू झाले, तर राष्ट्रीय सागरविज्ञान संशोधन संस्था २०१७ मध्ये येथे आली. थेजोंगदेचे कडे आणि कड्यावरील हुइन्योउल ही जुनी वस्ती पाहण्यास पर्यटक येतात. तथापि गोदीने जसा हजारो कुटुंबांना बेटावर निवारा दिला, तसा या संस्था व पर्यटन देऊ शकतील काय, यावरच यंगदोचे भवितव्य अवलंबून आहे.