कृष्णाकाठचे रंगमंच आणि त्यांचे आश्रयदाते

कोयनानगरच्या धरणाखालून वाहणारी कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे सांगलीकडे जाते. या खोऱ्यात मोठ्या शहरांसारखी नाट्यगृहांची रेलचेल नसली, तरी मराठी रंगभूमीच्या आणि हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. येथील कलास्थानांचा विचार करताना वास्तूपेक्षा त्यांना आश्रय कोणी दिला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पहिला आश्रय दरबाराचा होता. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे मराठी खेळ रचण्यास सांगितले आणि १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ सादर झाले. सूत्रधार, म्हणजे खेळ पुढे नेणारा निवेदक, पदे गाऊन कथा सांगे आणि पात्रे आयत्या वेळी सुचतील तशी भाषणे करीत. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन याच प्रयोगाच्या स्मरणार्थ पाळला जातो. १८५१ साली चिंतामणरावांच्या निधनानंतर राजाश्रय संपला, तेव्हा भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग करावे लागले. म्हणजेच आश्रयदात्याची जागा प्रेक्षकाने घेतली. पुढे संगीत नाटकांच्या काळात मिरज हा नाटक मंडळ्यांचा महत्त्वाचा मुक्काम ठरला आणि १९०५ साली बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीतून रंगभूमीवर पहिले पाऊल तेथेच टाकले.

दुसरा आश्रय श्रद्धेचा आहे. मिरजेतील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची समाधी आहे. १९३७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या काळात, म्हणजे दर्ग्याच्या वार्षिक उत्सवात, येथे संगीतसभा भरते आणि गायक-वादक आपली हजेरी लावतात. वाळवलेल्या भोपळ्यापासून तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांची वस्तीही याच गावात असल्याने मैफल आणि वाद्य यांचे नाते येथे घट्ट राहिले आहे. २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे ठिकाणाशी निगडित उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले.

तिसरे स्थान जत्रेतील कनातीचे आहे. मोकळ्या माळावर कापडी आडोसा, म्हणजे कनात, उभारून तमाशाचा फड रात्रभर चालतो आणि गणगौळण, बतावणी व वग या क्रमाने तो रंगत जातो. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव यांच्यासारख्या शाहिरांची कीर्ती अशाच फडांतून महाराष्ट्रभर पोचली.

आज सांगलीचे विष्णुदास भावे नाट्यमंदिर, मिरजेचे बालगंधर्व नाट्यगृह आणि साताऱ्याचे शाहू कलामंदिर ही या परिसरातील नाट्यप्रयोगांची परिचित ठिकाणे आहेत. तथापि दरबार गेला, तशी केवळ नावाची पुण्याईही पुरत नाही; प्रयोगांच्या ठरलेल्या तारखा, वास्तूची नियमित देखभाल आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक या तीन गोष्टींवरच लहान गावांचे रंगमंच टिकतात, आणि त्यांपैकी तिसरी गोष्ट सर्वस्वी रसिकांच्या हाती आहे.