गजकर्ण पुन्हा पुन्हा का येतं?

पावसाळा लागला की आमच्या आरोग्य शिबिरांत एक तक्रार हमखास येते. बाई आधी इकडेतिकडे बघते, "जरा पडद्याआड चला" म्हणते आणि मग कमरेवरचा, काखेतला नाहीतर जांघेतला डाग दाखवते. गोल, कडेने लाल, रात्री झोपू न देणारा. गजकर्ण. कुणी नायटा म्हणतं.

गेल्या पावसाळ्यात धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आल्या. आठ महिने मलम लावत होत्या. "लावलं की दोन दिवसांत खाज जाते, सोडलं की दुप्पट होऊन येतं," म्हणाल्या. ट्यूब पिशवीतच होती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली. तिच्यावर बारीक अक्षरांत तीन नावं होती: एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक आणि तिसरं क्लोबेटासोल, म्हणजे जहाल स्टिरॉइड. ताईंच्या मांड्यांवर बाळंतपणानंतर पोटावर उमटतात तसे व्रण उठले होते. ते व्रण पुरते जात नाहीत. घरी नवरा आणि दोन मुलं, सगळ्यांना तीच ट्यूब.

त्यांना बोल लावायला आमची जीभ उचलली नाही. वॉर्डात ड्यूटी करायचो तेव्हा आम्ही नर्सांनीच शेजारीपाजारी, नात्यागोत्यात अशा ट्यूबा सांगितल्या आहेत. खाज थांबली म्हणजे रोग गेला, असं आम्हीही धरून चालायचो. बुरशी कशी वाढते हे पुढे वाचलं, तेव्हा आपण काय करत होतो ते कळलं. ते आज सांगायचं आहे.

बुरशीचा तंतू वाढतो कसा?

बुरशी बॅक्टेरियासारखी नसते. तिच्या पेशीत आपल्या पेशीसारखंच केंद्रक असतं. नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. म्हणूनच तिच्यावर औषध शोधणं अवघड. जे तिच्या पेशीला मारील ते आपल्या पेशीलाही इजा करू शकतं.

शिळ्या भाकरीवर कापसासारखी बुरशी येते, ती बारीक तंतूंची असते. गजकर्णाची ट्रायकोफायटन नावाची बुरशीही अशीच तंतूंनी वाढते, पण आपल्या कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात. त्या थरात केराटिन असतं. केसांत आणि नखांतही तेच असतं. केराटिन हेच तिचं अन्न.

हा तंतू टोकाकडून लांबत जातो. रस्ता पुढे सरकवायचा तर खडी-डांबर मागून आणून टोकाला टाकावं लागतं. तंतूतही तसंच चालतं. पेशीच्या आत दोऱ्यांसारखे मार्ग असतात. भिंतीचा माल आणि केराटिन पचवणारे रस भरलेल्या सूक्ष्म पिशव्या या मार्गांवरून टोकाशी येतात. टोकाची भिंत मऊ असते, आतल्या दाबाने ती पुढे सरकते आणि मागची भिंत कडक होत जाते. १९२४ साली ब्रुन्सविक या शास्त्रज्ञाला एका छत्रीवाल्या बुरशीच्या तंतूंच्या टोकाशी एक गडद ठिपका दिसला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर उलगडलं की तो ठिपका म्हणजे या पिशव्यांचीच गर्दी. वाढीची दिशा तिथून ठरते.

आता डाग गोल का असतो ते बघा. एका जागी बुरशी रुजली की तिचे तंतू चहूबाजूंनी बाहेर सरकतात. मधल्या भागात शरीर तिला बरंचसं हटवतं, म्हणून मधली कातडी बरी दिसते. जिवंत, वाढती बुरशी कडेला असते. लाल कड म्हणजे शरीर आणि बुरशी यांची झुंज. कडेच्या बाहेर साध्या डोळ्यांना चांगली दिसणारी कातडीही सुरक्षित नसते, टोकं तिथे पोचलेली असू शकतात. म्हणून मलम डागावर लावून भागत नाही, कडेच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावावं लागतं.

स्टिरॉइड काय करतं?

खाज आणि लाली शरीराच्या लढ्याची खूण आहे. स्टिरॉइड तो लढाच मंद करतं. राखणदार झोपला म्हणून शेतातले चोर निघून जात नाहीत. खाज थांबते, लाली उतरते, पण तंतूंची टोकं बिनधास्त पुढे जातात. कड पुसट होते, कधी गोलात गोल उमटतात आणि डॉक्टरांनाही चटकन ओळखता येत नाही. वर कातडी पातळ होते ती वेगळी.

"पण त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं ना?" असं ताईंनी विचारलं. होतं. पण त्याच ट्यूबमधलं स्टिरॉइड शरीराचे हात बांधत होतं आणि खाज गेली की ताई मलम बंद करत होत्या. औषधाला काम पुरं करायला वेळच मिळत नव्हता.

औषध मुरलेली बुरशी

बुरशीची पेशी आपल्यासारखी असली तरी काही गोष्टी तिच्या एकटीच्या आहेत. आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तिच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल ही औषधं अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या अडवतात. १९५८ पासून गजकर्णावर वापरात आलेलं ग्रिसिओफुल्विन पेशीतले ते दोऱ्यांसारखे मार्गच बिघडवतं. अशी हत्यारं मोजकीच आहेत, म्हणून ती जपून वापरायला हवीत.

ती आपण जपली नाहीत. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच्या जनुकात बारीकसा बदल झाला की औषध तिथे नीट चिकटत नाही. असे बदल झालेली बुरशी भारतीय रुग्णांत सापडल्याचं दिल्ली आणि चंडीगडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांकडून मिळालेल्या अशा बुरशीला नाव दिलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच इंडिया आहे. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये सापडल्याची नोंद झाली. चिठ्ठीशिवाय मिळणारी मिश्र मलमं आणि अर्धवट उपचार यांनी तिला हातभार लावला, असं अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

घरी काय करायचं?

ट्यूबवरची नावं वाचा, वाचता येत नसतील तर आशाताईंकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असेल तर ती ट्यूब गजकर्णाला लावू नका. बरेच महिने लावत असाल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

डाग गेला तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध चालू ठेवा. बहुधा डाग गेल्यावरही दोन आठवडे ते घ्यावं लागतं. गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. गरोदर बाईने आणि लिव्हरचा त्रास असलेल्याने तर मुळीच नाही.

घरात ज्यांना ज्यांना डाग आहे, त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करा. बुरशीचे तंतू तुटून त्यांचे बारीक तुकडे टॉवेलवर, चादरीवर पडतात आणि महिनोन्महिने तग धरतात. टॉवेल, चड्डी, परकर वेगळे ठेवा. कडक पाण्यात भिजवून धुवा आणि उलटे करून उन्हात वाळवा. ओले कपडे अंगावर वाळवू नका. दिवसभर गमबूट घालणाऱ्या सफाई कामगार भावांनी बोटांमधल्या चिखल्यांकडेही बघावं. पुष्कळदा तीच बुरशी तिथून जांघेत पोचते.

आणि कुणाला "तू घाणेरडा राहतोस" म्हणू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, पाणी एक तास आणि दिवसभर घामाचं काम, तिथे ही बुरशी पसरणारच. यात लाजण्यासारखं काही नाही. लाजेमुळेच माणूस दवाखान्याऐवजी मेडिकलच्या काउंटरवर जातो.

मागायचं काय?

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी ताईंना ट्यूब सहज मिळाली. कायदा कागदावर ठेवायचा नसेल तर विचारणा आपल्यालाच करावी लागेल.

दुसरी मागणी तपासणीची. डागाच्या कडेची कातडी खरवडून तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. कातडी विरघळते, बुरशीची भिंत टिकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतात. काही मिनिटांचं आणि थोड्या खर्चाचं काम आहे. ही तपासणी आणि पुरेशा दिवसांची औषधं आपल्या सरकारी दवाखान्यात आहेत का, ते जाऊन विचारा. नसतील तर महिला मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली. तिच्यात १९ नावं आहेत, गजकर्णाची बुरशी नाही. ती यादी मुख्यतः जीव घेणाऱ्या बुरशींची आहे. गजकर्ण जीव घेत नाही, ते झोप घेतं, रोजंदारीतला पैसा घेतं, चारचौघांत बसायचा धीर घेतं.

त्या ताईंचं सगळं घर मग एकदम उपचाराला बसलं. मिश्र मलम डॉक्टरांनी बंद केलं. पहिल्या आठवड्यात खाज वाढली, तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या. आम्ही रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. अडीच महिन्यांनी डाग गेले. व्रण राहिले. आता शिबिरात ट्यूबवरची नावं वाचून दाखवायचं काम त्याच करतात.